फावडे निवडताना: खाचर, खार जमीन आणि पाठीचा कणा

बैल घेताना आपण दात मोजतो, बियाणे घेताना पिशवीवरची तारीख पाहतो. फावडे मात्र दुकानाच्या दारातल्या ढिगातून हाताला येईल ते उचलतो आणि पुढची सात-आठ वर्षे त्याला शिव्या देतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच. जुलैच्या रात्री खाचराचा बांध फुटला की पॉवर टिलर कामाला येत नाही. तेव्हा हाताशी असते ते फावडेच, आणि नेमका त्याच वेळी त्याचा दांडा सुटतो. म्हणून हा विषय थोडा खोलात पाहू.

आधी नावाचा घोळ

कोणी फावडे म्हणते, कोणी पावडा, कोणी खोरे. काही गावांत ही एकाच वस्तूची नावे आहेत. काही ठिकाणी खोरे म्हणजे रुंद, उथळ पात्याचे, माल ओढायचे हत्यार. त्यामुळे दुकानात नावावरून वाद घालू नका, पाते दाखवा. डोंबिवलीत नोकरी करणाऱ्या मुलाला फोनवर ‘एक चांगले फावडे पाठव’ सांगितले तर तो मोबाइलवरून लांब सरळ दांड्याचे, वर मूठ असलेले विलायती शॉवेल मागवतो. वस्तू वाईट नसते. पण तिला पायाने दाबून जमिनीत घालावे लागते आणि त्यासाठी पायात जाड तळाचा बूट लागतो. चिखलात अनवाणी उभे राहून पात्याच्या काठावर पाय दिलात की फरक लगेच कळेल. आपले फावडे हाताच्या घावाने जमिनीत जाते आणि माती स्वतःकडे ओढते, पायाचा जोर त्याला लागत नाही. खाचरासाठी तेच योग्य. शॉवेल ट्रॉलीत शेणखत किंवा रेती भरायला ठेवा.

जमीन कोणती, पाते कोणते

मुरबाड-शहापूरच्या वरकस, मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात फावडे हे पहिले हत्यार नव्हेच. आधी टिकाव किंवा कुदळ, मग सुटी माती ओढायला फावडे. फावड्यानेच मुरूम फोडायला गेलात तर पात्याची धार दुमडते आणि मनगट रात्रभर ठणकते. अशा जमिनीसाठी पाते जाड आणि बेताच्या रुंदीचे घ्या.

भाताच्या खाचरातली माती मऊ पण जड. बांधाला चिखल लावायचा, पाणी जायची वाट उघडायची-बुजवायची, चिंबोऱ्यांनी पाडलेली बिळे भरायची, ही कामे मध्यम रुंदीच्या, थोड्या खोलगट पात्याने चांगली होतात. (चिंबोऱ्या पकडायला रात्री गेलेली पोरे त्याच फावड्याने बांध उकरून येतात आणि सकाळी तेच फावडे घेऊन आपण बांध भरतो. यावर कोणत्याही कंपनीने उपाय काढलेला नाही.)

भिवंडी आणि ठाण्याच्या खाडीलगतची खार जमीन चिकट असते. रुंद पात्याला माती अशी बसते की दहाव्या घावाला निम्मे वजन मातीचेच होते. तिथे अरुंद आणि गुळगुळीत पाते घ्या. बाजूला पाण्याची बादली ठेवून पाते अधूनमधून बुडवले की माती सुटते. क्षारामुळे गंज लवकर धरतो, म्हणून काम झाले की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवा.

कल्याण-डोंबिवलीलगतच्या गावांत आणखी एक ‘जमीन’ आहे: राडारोडा. शेजारी इमारत उभी राहते आणि तिच्या विटा, काँक्रीटचे तुकडे आणि सळ्या कोणी तरी रात्रीत आपल्या शेताच्या कडेला टाकून जाते. तिथे चांगले फावडे वापरू नका, जुने वापरा. जिथे नव्या केबल किंवा पाइप टाकल्या आहेत तिथे खणण्याआधी चौकशी करा. विजेची केबल फावड्याचा ब्रँड पाहत नाही.

वजनाचा हिशेब

‘जड फावडे म्हणजे मजबूत फावडे’ हा समज दुकानदाराच्या सोयीचा आहे. साधा हिशेब करा. मिनिटाला दहा घाव धरले तर तासाला ६०० होतात. फावडे गरजेपेक्षा अर्धा किलो जड असेल तर तासाला ३०० किलो आणि चार तासांत १,२०० किलो वजन तुम्ही फुकट उचलता. त्याची मजुरी कोणी देत नाही, उलट डॉक्टर घेतो.

अमेरिकेत बेथलहेम स्टीलच्या कारखान्यात १९०० च्या सुमारास फ्रेडरिक टेलर यांनी फावडे मारणाऱ्या कामगारांचे काम घड्याळ लावून तपासले. एका खेपेला सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो, वजन असले की चांगला कामगार दिवसभरात सर्वांत जास्त माल हलवतो, असे त्यांना आढळले. म्हणून जड खनिजासाठी लहान आणि हलक्या राखेसाठी मोठे अशी वेगवेगळी फावडी त्यांनी ठेवली. तिथले फावडे उचलून टाकायचे होते, आपले ओढायचे आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नका. तत्त्व मात्र लागू पडते: ओल्या चिखलाला लहान पाते, भाताचा तूस किंवा कोरड्या शेणखताला मोठे. घमेले भरतानाही हेच लक्षात ठेवा.

दुकानात काय पाहायचे

पाते हातात उचलून लोखंडी सळीने किंवा दुसऱ्या फावड्याने हलकेच वाजवा. एकसंध, चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो; तडा असेल तर भद्द वाजते. मग दांडा बसतो त्या भोकाचा भाग पाहा. तो पात्याबरोबर एकाच तुकड्यातून ठोकून काढलेला असेल तर उत्तम. नुसता वेल्डिंगने चिकटवलेला असेल तर जोड नीट तपासा, कारण फावडे बहुतेक तिथेच तुटते. फावड्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७५९. त्याचा उल्लेख किंवा नावाजलेल्या कारखान्याचा ठोकलेला शिक्का पात्यावर असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. नुसता चिकटवलेला कागद पहिल्या पावसात जातो.

ओळखीचा लोहार असेल तर त्याला विसरू नका. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवलेली हत्यारे टिकाऊ असतात, मात्र पाणी जास्त दिले गेले तर धारेचा टवका उडतो. दगडावर आपटून टवका उडाला तर परत नेऊन देता येईल अशा अंतरावरचा लोहार हवा.

आता कोन. पाते दांड्याकडे जितके जास्त मिटलेले, तितका चिखल त्यात धरून राहतो. पण घाव नीट बसायला दांडा खाली आणावा लागतो, म्हणजे कंबर जास्त वाकते. काटकोनाच्या जवळ असलेले पाते खणायला बरे आणि पाठीलाही बरे. दुकानातच कामाची पोझ घेऊन पाहा. लोक हसतील, हसू द्या. फक्त दुकानदाराचे पाय पाहून घाव घाला.

दांडा: इथे घाई नको

पात्यावर लोक पैसे खर्च करतात आणि दांडा कुठलातरी ठोकतात. धामण सर्वांत उत्तम, कारण ती चिवट आणि लवचिक आहे, हाताला झटका कमी देते. बाभूळही चालते. रेषा सरळ आणि गाठी नसलेले वाळलेले लाकूड घ्या. लोखंडी पाइपचा दांडा मोडत नाही हे खरे, पण मे महिन्यात तो चटके देतो, पावसात निसटतो आणि प्रत्येक झटका थेट मनगटापर्यंत पोचवतो.

लांबीसाठी सोपी खूण: पाते जमिनीवर टेकवून दांडा उभा धरला की टोक साधारण तुमच्या कमरेच्या आसपास यावे. तुमच्या, म्हणजे जो काम करणार त्याच्या. भाजीचे वाफे आणि पाटाचे काम अनेक घरांत बाई करते आणि फावडे मात्र तिच्या दिराच्या उंचीचे असते. एका घरात दोन मापांचे दांडे ठेवणे ही चैन नव्हे. कृषी सहायकांनी प्रात्यक्षिकाला जाताना दोन मापांची फावडी नेली तर हा मुद्दा बोलून पटवावा लागत नाही.

दांड्याचे पात्याकडचे टोक जाड हवे, म्हणजे प्रत्येक घावाला पाते पुढे सरकून आणखी घट्ट बसते. ढिले झाले तर लाकडाची पाचर मारा. रात्रभर पाण्यात बुडवून दांडा फुगवणे हा सगळ्यांचा आवडता उपाय आहे, पण वाळला की तो पुन्हा ढिला होतो, बहुधा त्याच रात्री बांध फुटतो.

धार आणि पाय

धार कानशीने, पूर्वी जिकडून काढलेली आहे त्याच बाजूने लावा. ग्राइंडरवर पाते निळे पडेपर्यंत घासले तर पोलादाचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

फावडे स्वतःकडे येते, म्हणजे पायाकडे येते. चिखलात पायाला झालेली लहान जखमही हसण्यावारी नेऊ नका. कोकणपट्टीत भातशेतीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि तो जंतू जखमेतून शिरू शकतो. शक्यतो गमबूट वापरा. जखम झाली तर स्वच्छ धुऊन झाका आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुढे ताप आणि अंगदुखी आली तर ‘शेतात काम करतो, पायाला जखम होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खरेदी पौष-माघापासून वैशाखापर्यंत कधीही करा. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेला जाणारच असाल तर बैलबाजारातून फिरताना अवजारेही पाहून घ्या. जूनच्या पहिल्या सरीनंतर दुकानात उरते ते इतरांनी नाकारलेले. नव्या दांड्याला जवसाचे तेल लावा, मुठीजवळ लाल रंगाचा पट्टा मारा आणि नाव कोरा, कारण लावणीच्या दिवसांत फावडे शेजाऱ्याकडे जाते आणि त्याला परतीची वाट सापडत नाही. रंग देताना आपल्या पडवीत दुसऱ्याच कोणाचा पट्टा असलेले फावडे दिसले, तर तेही पावसाआधी पोचवून या.