चालीवरून पदाचा शोध

जुन्या संगीत नाटकांचीं पुस्तकें ज्यांनीं चाळलीं असतील, त्यांना प्रत्येक पदाच्या माथ्यावर छापलेली एक लहानशी ओळ परिचयाची असेल. प्रथम ‘चाल’ हा शब्द, आणि त्यापुढें दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभींचे दोन-तीन शब्द. एवढे शब्द वाचले कीं वाचकाच्या कानांत चाल आपोआप उभी राहील, असा छापणाराचा भरंवसा होता. आज स्थिति उलटी आहे. पद अनेकांना ठाऊक असतें; परंतु ज्या गाण्याच्या नांवानें त्याची ओळख करून दिली, तें मूळ गाणें म्हणून दाखविणारा मनुष्य क्वचितच भेटतो.

या विषयाकडे मी वळलों तो एका घरगुती कारणानें. माझी आजी सांगलीची. लग्न होऊन ती साताऱ्यास आली. उत्तरवयांत ती एकच चाल वारंवार गुणगुणत असे. शब्द तिला आठवत नसत. ‘नाटकांतलें आहे, आमची आई म्हणत असे,’ एवढेंच ती सांगे. शेवटच्या आजारांत तिनें एकदां मला विचारलें, ‘त्याचे शब्द कोणते रे?’ मला उत्तर देतां आलें नाहीं. ती गेल्यावर मी शोधास लागलों.

सांगलीच्या माणसाला हा शोध घराजवळूनच सुरू करावा लागतो. १८४३ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं तेथें ‘सीतास्वयंवर’ केलें. त्या खेळांत पद्यें म्हणण्याचें काम सूत्रधाराचें असे. पात्रें आपलीं भाषणें आयत्या वेळीं करीत. १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून गाणें पात्रांच्या तोंडीं घातलें, तेव्हां चालींची मोठीच गरज उत्पन्न झाली. ती त्यांनीं कीर्तनांतून, लावणींतून, कानडी पदांतून आणि बायकांच्या गाण्यांतून भागविली. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘शारदा’ १८९९ सालचें. पुढें सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमाना’स १९११ सालीं गोविंदराव टेंब्यांनीं, व ‘स्वयंवरा’स १९१६ सालीं भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या. तेथपासून पदाच्या माथ्यावर हिंदुस्थानी चिजांचीं नांवें अधिकाधिक दिसूं लागलीं.

या शिरोलेखांचा एक विलक्षण परिणाम झाला. पद लोकप्रिय झालें कीं तेंच दुसऱ्या पदांची ओळख बनें. कीर्तनकार, मेळेवाले, जलसेवाले आपलीं नवीं कवनें नाटकांतील पदांच्या चालींवर बांधीत, आणि ‘चाल’ या शब्दापुढें आतां नाट्यपदाचे शब्द येत. मूल बापाच्या नांवानें ओळखलें जावें, आणि थोड्याच दिवसांत बाप मुलाच्या नांवानें ओळखला जावा, तसें हें झालें. दोन पिढ्यांनंतर आजोबांचें नांव विचारूं गेलें तर घरांत कोणीच बोलत नाहीं.

यंत्राची साक्ष काढावी, तर तीहि उशिरां आलेली. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणास आरंभ झाला तो १९०२ सालीं. ज्या गळ्यानें किर्लोस्करांच्या चाली घरोघर नेल्या, तो गळा आपल्यासाठीं कायमचा मुका आहे.

मग चाल ओळखावी कशी? सूर अचूक मोजले म्हणजे झालें, असें प्रथम वाटतें. तशी मोजणी याच प्रांतांत एकदां झालीहि आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं अब्दुल करीम खांसाहेबांच्या गायनाचे सूर उपकरणावर ताडून पाहिले, आणि १९१० सालीं २२ श्रुतींवरील आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. मुलकी खात्यांतील क्लेमेंट्स साहेबांशीं त्यांचा सहयोग झाला. १९११ सालीं साताऱ्यास या कामासाठीं एक संगीत-मंडळ निघालें, व विलायतेहून श्रुति-हार्मोनियमहि करवून आणली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेंत ती पेटी मांडली गेली. परंतु जमलेल्या जाणत्यांचें समाधान झालें नाहीं.

या प्रयत्नाविषयीं मला आदर आहे. तथापि माझ्या कामास त्याचा उपयोग नव्हता. ऐंशी वर्षांच्या गळ्यांत श्रुति कोठली शोधणार? सूर ढळलेला असतो, पट्टी रोज बदलते, तरी चाल तीच आहे हें लहान मूलहि सांगतें. याचा अर्थ असा कीं, आपण सूर लक्षांत ठेवीत नाहीं. एका सुरावरून दुसऱ्यावर चढलों कीं उतरलों, किती उतरलों आणि कोठें थांबलों, हें लक्षांत ठेवतों. १९७५ सालीं डेनिस पार्सन्स नांवाच्या इंग्रज गृहस्थानें याच तत्त्वावर पाश्चात्य चालींचा कोश रचला. पुढचा सूर वर, खालीं कीं तोच, एवढेंच पाहून त्यांत हजारों चाली शोधतां येतात.

आपल्या संगीतांत आणखी एक अडचण आहे. तंबोरा नसतां गुणगुणणाराचा षड्ज कोणता हें कळत नाहीं. भूपाचेच पांच सूर घेऊन त्यांतील गंधाराला षड्ज मानलें तर मालकंसाचे सूर होतात, पंचमाला मानलें तर दुर्गाचे. आजीच्या चालीचा राग मी तीन वेळां ठरविला आणि तीन वेळां बदलला. २०२० सालीं गूगलनें गुणगुणलेल्या चालीवरून गाणें शोधण्याची सोय केली. तीहि मी करून पाहिली. तिनें मला एक चित्रपटगीत सुचविलें. तिचा दोष नाहीं. जें कधीं मुद्रितच झालें नाहीं, तें तिनें कशाशीं ताडून पाहावें?

शेवटीं सुरांनीं सोडलेला हात मात्रांनीं धरला. एके दिवशीं मी चालीकडे दुर्लक्ष करून केवळ बोटें मोजीत गेलों. आजी सोळाव्या मात्रेवर श्वास घेई, आणि पुढें बारा मात्रांवर ओळ संपे. पुन्हा सोळा, पुन्हा बारा. दिंडी असती तर नऊ-दहा अशा एकोणीस मात्रा पडल्या असत्या. अठ्ठावीस मात्रांची ही साकी होती! किर्लोस्करांच्या नाटकांत साक्या ठिकठिकाणीं आहेत. आजीचें ‘नाटकांतलें आहे’ हें म्हणणें खरें असण्यास कोणतीच हरकत नव्हती.

आनंद झाला, पण तो टिकला नाहीं. साकी म्हणजे कांहीं एक गाणें नव्हे. तो सांचा आहे. नाटककारांनीं तो वापरला, कीर्तनकारांनीं वापरला, आख्यानें रचणाऱ्या बायकांनींहि वापरला. त्यांत ओतलेल्या अगणित ओळींपैकीं पणजीची ओळ कोणती, हें चाल सांगूं शकत नाहीं. चालीवरून कूळ कळतें, माणूस कळत नाहीं.

भातखंड्यांनीं घराण्यांतून चिजा मिळवून त्या स्वरलिपींत उतरविल्या, आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग मराठींत सिद्ध झाले, म्हणून कित्येक चिजा आज हातीं आहेत. घरांतल्या बायकांच्या वांट्यास असा संग्राहक फारसा आला नाहीं. यासाठीं वाचकांस एवढीच विनंति कीं, घरांत कोणी वृद्ध मनुष्य गुणगुणत असेल तर शब्दांची वाट पाहूं नये. चाल आहे तशी उतरून घ्यावी, आणि षड्ज विचारून घ्यावा.

आजीची साकी मीं त्याच लिपींत, जुन्या नाटकाच्या पुस्तकाच्या अखेरच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली आहे. सुरांखालीं शब्दांची जागा मोकळी आहे. वर मात्र, छापणाराच्या रिवाजाप्रमाणें, ‘चाल’ असें लिहून पुढें आजीचें नांव घातलें आहे.