लाकडी पावलांचे दुकान

लंडनच्या सेंट जेम्सेस स्ट्रीटवर ९ क्रमांकाला 'जॉन लॉब' हे बुटांचे दुकान आहे. आत गेल्यावर कपाटांत बूट मांडलेले दिसतात, पण ते नमुने. इथे पायाचे माप घेतल्याशिवाय जोड बनत नाही आणि माप दिल्यावर तो हातात पडायला कित्येक महिने लागतात. किंमत काही हजार पौंड. दुकानाखाली तळघर आहे आणि त्यात मांडण्यांवर लाकडी पावले रचून ठेवली आहेत. हजारो. प्रत्येक जोडी एकेका माणसाची, तिच्यावर त्याचे नाव.

या लाकडी पावलाला आपल्याकडचे जुने कारागीर 'कलबूत' म्हणतात. कारखान्यांत आता 'फर्मा' हा शब्द रूढ झाला आहे. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला असा शब्द दिसला की राहवत नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. कलबूत आले फारसीतल्या 'कालबुद' वरून. कालबुद म्हणजे साचा, आणि शरीरही. उर्दूत माणसाच्या मातीच्या देहाला 'कालबुद-ए-खाकी' म्हणतात ते याच अर्थाने. अरबीत त्याचाच भाऊ 'कालिब'. दोन्हींचे मूळ ग्रीकमध्ये आहे: कालोन म्हणजे लाकूड आणि पूस म्हणजे पाय. लाकडाचा पाय! म्हणजे चांभाराच्या हातातला ठोकळा आधी, आणि कवींचा 'देह' नंतर. हाच अरबी कालिब इटालियन-फ्रेंच वाटेने युरोपात गेला आणि तिथे त्याचे 'कॅलिबर' झाले. आधी बंदुकीच्या नळीचे माप, मग माणसाची योग्यता. कोणाच्या कॅलिबरबद्दल आपण बोलतो तेव्हा नकळत बूट बनवणाऱ्याच्या ओट्यावरचा शब्द उचललेला असतो.

आता लॉबकडे येऊ. जॉन लॉबचा जन्म १८२९ साली इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या टायवरड्रेथ गावी झाला. वडील शेतावर राबणारे. लहानपणी अपघातात जॉनचा एक पाय अधू झाला. शेतीच्या कामाला निरुपयोगी ठरलेल्या मुलाने काय करायचे? बसून करायचे काम शिकायचे. खेड्यापाड्यांतली कितीतरी अधू मुले याच कारणाने शिवणकाम, घड्याळदुरुस्ती, चपला-बूट अशा धंद्यांत गेली आहेत, तिथेही आणि इथेही. जॉन जवळच्या फोवी गावात बूट बनवायला शिकला आणि स्वतःच्या अधू पायासाठी त्याने स्वतःच बूट केला. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते. दोन पाय सारखे नसतात हे पुढे या दुकानाच्या व्यवसायाचे सूत्र झाले. पण ते त्याला गिऱ्हाइकाने शिकवले नव्हते, त्याच्याच पायाने शिकवले होते.

विशी ओलांडल्यावर तो लंडनला निघाला, पायी. सुमारे चारशे किलोमीटर, आणि तेही लंगडत. तिथल्या एका नामांकित बूटवाल्याकडे, थॉमसकडे, काम मागितले. थॉमसने त्याला दारातूनच परत पाठवले. याच सुमारास, १८५१ मध्ये, ऑस्ट्रेलियात सोने सापडल्याच्या बातमीने इंग्लंडमधली तरुण पोरे वेडी झाली होती. लॉबही जहाजावर चढला.

सोन्याच्या खाणीत त्याचे नशीब फळले नाही. बुटांनी त्याला हात दिला. कंपनीकडून सांगितली जाणारी हकिगत अशी, की त्याने खाणकामगारांसाठी पोकळ टाचेचे बूट केले. सापडलेले सोन्याचे खडे टाचेत लपवायचे आणि चोर-दरोडेखोरांच्या नजरेसमोरून निघून जायचे. अशा हकिगती पिढ्यान्‌पिढ्या सांगताना थोड्या चकाकतातच. तरी एवढे खरे, की सोने खणायला गेलेल्या गर्दीत ज्यांनी फावडी, तंबू आणि बूट विकले त्यांचे सहसा बरे चालले. लॉबने सिडनीत दुकान थाटले, संसार थाटला.

तिथून त्याने जे केले ते धाडसाचे होते. १८६२ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होते. लॉबने सिडनीहून आपले बूट तिकडे पाठवले आणि पदक मिळवले. मग युवराजासाठी (व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, पुढचा सातवा एडवर्ड) घोडेस्वारीचे बूट करून पाठवले. १८६३ च्या ऑक्टोबरात युवराजाचा अधिकृत बूटमेकर म्हणून त्याला शाही सनद मिळाली, तेव्हा तो अजून सिडनीतच होता. १८६६ मध्ये परत येऊन त्याने रीजंट स्ट्रीटवर दुकान उघडले. १८८० मध्ये दुसरे दुकान काढले ते सेंट जेम्सेस स्ट्रीटवर, लंडनच्या क्लबांच्या आणि उमरावांच्या वस्तीत.

१८६६ हे साल लक्षात ठेवा, कारण नेमका तेव्हाच हाताने बूट शिवण्याचा धंदा मोडायला लागला होता. इंग्लंडमधले बुटांचे मोठे केंद्र म्हणजे नॉर्दम्प्टन. १८५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे बुटाचा वरचा भाग शिवायला शिलाई यंत्रे आली आणि कारागिरांनी त्याविरुद्ध संप केले. संप टिकले नाहीत, यंत्रे टिकली. १८५८ मध्ये अमेरिकेत लायमन ब्लेकने तळ शिवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १८७० च्या दशकात गुडइयरच्या यंत्राने तर हाताच्या शिलाईचा सर्वात अवघड भागही करून दाखवला. बूट स्वस्त झाले आणि जे अनवाणी चालत त्यांच्याही पायात आले. यात वाईट काही नाही. शाळेत अनवाणी येणारी मुले ज्याने पाहिली आहेत तो स्वस्त बुटाला नावे ठेवणार नाही. पण कारागिरांपुढे दोनच वाटा उरल्या: कारखान्यात जायचे, नाहीतर इतके महाग आणि इतके चोख बनवायचे की यंत्राशी स्पर्धाच नको. लॉबने दुसरी वाट धरली.

हे काम चालते कसे? गिऱ्हाईक कागदावर पाय ठेवून उभे राहते. फिटर पेन्सिलने दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढतो, ठिकठिकाणी पट्टीने घेर मोजतो आणि कुठे गाठ आहे, कुठे हाड वर आले आहे, कोणती टाच झिजते ते टिपून ठेवतो. कलबूत बनवणारा या कागदावरून बीच किंवा मेपलसारख्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यातून ते पाऊल कोरतो. सपाट कागदावरच्या रेषेतून गोलाई काढायची असते, आणि पायाची हुबेहूब नक्कल करूनही भागत नाही. चालताना पाय पसरतो, उभे राहिल्यावर दबतो, त्या सगळ्याचा अंदाज लाकडात उतरवावा लागतो. मग क्लिकर चामडे निवडून कापतो. चामड्यातून सुरी निघताना होणाऱ्या 'क्लिक' आवाजावरून त्याला हे नाव पडले असे सांगतात. जनावराच्या कातड्यावर काट्याचे ओरखडे असतात, पोटाकडची बाजू सैल असते. कुठला तुकडा बुटाच्या पुढच्या बाजूला चालेल आणि कुठला आत दडवायचा हे त्याची नजर ठरवते. क्लोजर ते तुकडे जोडून वरचा भाग शिवतो. मेकर तो भाग ओला करून कलबुतावर ओढून बसवतो, आरीने भोके पाडतो, मेण लावलेल्या दोऱ्याने भोवती चामड्याची पट्टी शिवतो आणि त्या पट्टीला तळ शिवतो. तळाचे चामडे ओकच्या सालीत कमावलेले असेल तर त्याचे कमावणेच वर्षभराचे असते. शेवटी आत ठेवायचा लाकडी साचा आणि पॉलिश.

एक जोड, पाच-सहा माणसांचे हात. यातल्या कोणाचेही नाव बुटावर नसते. कलबुतावर गिऱ्हाइकाचे नाव असते, बुटात मालकाचे.

आपल्याकडे चामड्याच्या कामाची अशीच वाटणी होती. कातडे कमावणारा ढोर, जोडे करणारा चांभार. पण ती जन्माने ठरायची आणि दोघांनाही गावाच्या कडेला ठेवायची. इंग्लंडमधला बूट शिवणाराही गरीबच. नगावर मजुरी आणि अनेकांचे घर हाच कारखाना. तिथल्या उमरावांनी लॉबला पंगतीला बसवले नसेल. पण शेतमजुराच्या पोराने सेंट जेम्सेस स्ट्रीटवर स्वतःच्या नावाची पाटी लावली, हे आपल्या गावगाड्यात घडू दिले गेले नसते. हुन्नर इथे काही कमी नव्हता.

लंडनमध्ये बूट बनवणाऱ्यांना ही थोडीफार पत मिळाली त्यामागे जुनी संघटना आहे आणि तिच्या नावात एक मुसलमानी शहर दडले आहे. बूट बनवणाऱ्यांचा जुना इंग्रजी शब्द 'कॉर्डवेनर'. तो कोर्दोबावरून आला. उर्दू वाचणाऱ्याला कुर्तुबा म्हटले की मशीद आठवते, इक्बाल आठवतो, पण मध्ययुगीन युरोपातल्या श्रीमंताला आठवायचे ते तिथले बकऱ्याचे मऊ चामडे. मुस्लिम अंदलूसमधल्या कारागिरांनी कमावलेल्या या चामड्याचे जोडे करणारा तो कॉर्डवेनर. नव्या चामड्यावर काम करायचा हक्क त्याचा, जुन्या चामड्याची डागडुजी करणारा तो 'कॉबलर', आणि दोघांच्या हद्दीवरून लंडनमध्ये भांडणे होत. कॉर्डवेनरांच्या संघटनेचे नियम १२७२ पासून नोंदलेले आहेत आणि १४३९ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. कुर्तुब्याची सत्ता १२३६ मध्येच कॅस्टिलच्या राजाकडे गेली होती. शहर गेले तरी शब्द लंडनच्या कारागिरांनी मिरवला, आणि ही संघटना आजही आहे.

जॉन लॉब १८९५ मध्ये वारला. मुलगा विल्यम याने धंदा पुढे नेला आणि १९०२ मध्ये पॅरिसमध्ये शाखा उघडली. पुढच्या अर्धशतकाचा हिशेब थोडक्यात असा: दोन महायुद्धे, उमरावांचे घटलेले वैभव, आणि उंच घोडेस्वारीच्या बुटांऐवजी साधे बूट. मग १९७६ मध्ये मोठा बदल झाला. पॅरिसचे दुकान आणि जगभर 'जॉन लॉब' हे नाव वापरण्याचा हक्क एर्मेस या फ्रेंच कंपनीकडे गेला. एर्मेसही मूळची कारागिरांचीच, १८३७ मध्ये घोड्यांचा साज बनवण्यापासून सुरू झालेली. लंडनचे मापाने बूट बनवणारे दुकान मात्र लॉब कुटुंबाने आपल्याकडे ठेवले.

तेव्हापासून जॉन लॉब दोन आहेत. एर्मेसच्या लॉबने १९८० च्या दशकात तयार मापाचे बूट आणले आणि १९९४ मध्ये नॉर्दम्प्टनला कारखाना काढला. हो, तेच नॉर्दम्प्टन. तिथे तळ गुडइयर पद्धतीने, म्हणजे यंत्रावर शिवला जातो. एका जोडाला १९० टप्पे लागतात असे ती कंपनी सांगते, आणि तो माल उत्तमच असतो. जगातल्या मोठ्या शहरांत 'जॉन लॉब' अशी पाटी दिसली तर ती बहुधा या लॉबची समजावी. दुसरा लॉब सेंट जेम्सेस स्ट्रीटवरच बसून आहे, मूळ जॉनच्या वंशजांचा.

उर्दूत जिवलग मित्रांसाठी 'एक जान दो कालिब' म्हणतात. जीव एक, देह दोन. इथे देह दोन झाले हे उघड आहे, पण जीव कुठे राहिला? एर्मेसने जे घेतले ते नाव. नाव विकता येते, करारात लिहिता येते, दिव्यांच्या पाटीवर लावता येते. कागदावरची रेषा पाहून लाकडात पाऊल कोरणारा हात करारात लिहून देता येत नाही. तो वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या शेजारी बसून तयार होतो. पॅरिसच्या दुकानातही असे हात आहेत, हे मान्य करायला हवे. तरी माझ्या मते पारडे तळघराकडे झुकते.

असे बूट दुरुस्तीला आले की पुन्हा आपल्याच कलबुतावर चढतात, तळ काढून नवा लावला जातो आणि आणखी काही वर्षे चालतात. राजे चार्ल्स हे लॉबचे गिऱ्हाईक. त्यांच्या बुटावरच्या ठिगळांचे फोटो इंग्रजी वर्तमानपत्रांनी अनेकदा छापले आहेत. कंजूषपणा म्हणून हसणारे हसले. मला ते ठिगळ शोभिवंत वाटले. आमच्या मोहल्ल्यात दहा वर्षांपूर्वी चपलेला अंगठा लावून देणारे तिघे बसत, आता एकही नाही, कारण तुटलेली चप्पल आता दुरुस्त होत नाही, फेकली जाते.

शाही सनदेचा एक नियम आहे. सनद देणारी व्यक्ती वारली की सनदही संपते आणि ठरावीक मुदतीत दुकानावरचे तिचे राजचिन्ह उतरवावे लागते. लॉबकडे प्रिन्स फिलिप यांचीही सनद होती. ते २०२१ मध्ये वारले. लाकडी पावलांना असा नियम नाही. व्हिक्टोरिया राणीची त्या दुकानात अजून आहेत.