विमान तासाभराचे, लाउंज किती वेळाचे?

पुण्याहून गोव्याला विमान साधारण सव्वा तासात पोहोचते. हैदराबाद, नागपूर आणि बंगळुरूचे प्रवासही दीड तासाच्या आसपास आटोपतात. तथापि या प्रवासांपूर्वी विमानतळावर काढावा लागणारा वेळ बहुधा प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा अधिक असतो. हा वेळ सुसह्य व्हावा म्हणून विमानतळांवर ‘लाउंज’ अर्थात विश्रामकक्षाची सोय असते. एकेकाळी बिझनेस क्लासचे प्रवासी आणि बडे अधिकारी यांच्यापुरती असलेली ही सोय आता साध्या डेबिट कार्डाच्या आधारेही मिळू लागली आहे. त्यामुळे बसायला मऊ खुर्ची, गरम उपमा, चहा-कॉफी आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी हक्काची जागा हे सारे जवळपास फुकट मिळते, असा समज रूढ झाला आहे. हा समज चुकीचा नाही. परंतु छोट्या प्रवासाच्या बाबतीत त्याची किंमत पैशापेक्षा घड्याळाच्या काट्यावर मोजावी लागते. ही किंमत कधी कधी संपूर्ण तिकिटाएवढी ठरते.

लाउंजची कल्पना रेल्वेच्या प्रतीक्षालयाच्या घराण्यातली. रेल्वेने प्रवास सुरू झाला तेव्हाच वरच्या वर्गाचे प्रतीक्षालय वेगळे आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी फलाटावरची फरशी, अशी विभागणी झाली होती. विमान कंपन्यांनी तीच रीत अधिक गालिचेदार स्वरूपात उचलली. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ सुरू केला. विमान कंपनीने चालविलेला हा जगातील पहिला लाउंज मानला जातो. सुरुवातीला तेथे निमंत्रितांनाच प्रवेश होता. योगायोग असा की, त्याच १९३९ मध्ये ब्रिटिश हवाईदलाने मुंबईच्या संरक्षणासाठी पुण्याजवळ लोहगाव येथे विमानतळ उभारला. तेथे मऊ खुर्च्यांचा प्रश्नच नव्हता. उद्देश युद्धाचा होता. आजही लोहगावचा तळ भारतीय हवाईदलाचाच असून २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय विमानांची पहिली तुकडी येथेच दाखल झाली. नागरी प्रवाशांसाठीचा भाग भारतीय विमानतळ प्राधिकरण सांभाळते. एकच धावपट्टी लढाऊ आणि प्रवासी अशा दोन्ही विमानांना वापरावी लागत असल्याने नागरी उड्डाणांच्या वेळा हवाईदलाच्या गरजा सांभाळून ठरतात. धावपट्टीच्या कामासाठी १६ ऑक्टोबर २०२१ पासून सुमारे दोन आठवडे येथील नागरी उड्डाणे पूर्णपणे बंद ठेवण्यात आली होती, हे पुणेकरांच्या स्मरणात असेल.

जुन्या टर्मिनलमधील गर्दी हा दीर्घकाळ पुणेकरांच्या तक्रारीचा विषय होता. सकाळच्या वेळी खुर्ची मिळणे दुरापास्त आणि चहाचा कप शहरातील दराच्या कितीतरी पट महाग, अशा स्थितीत लाउंजचा दरवाजा म्हणजे अनेकांना वाळवंटातील हिरवळ वाटे. सुमारे ५१ हजार चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आणि १४ जुलै २०२४ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. वार्षिक ९० लाख प्रवाशांची क्षमता असलेल्या या इमारतीत मोकळी जागा व आसने अधिक आहेत. म्हणजेच लाउंजमध्ये न शिरताही थोडा वेळ बऱ्यापैकी आरामात काढता येतो. छोट्या प्रवासाचा विचार करताना ही बाब अनेकदा लक्षातच घेतली जात नाही.

विमानतळ लोहगावला असला, तरी त्याची चाहूल शहराला येरवड्यातच लागते. बंडगार्डनचा पूल ओलांडला की एकीकडे नगर रस्ता, तर दुसरीकडे गोल्फ क्लब चौक, नागपूर चाळ, ५०९ चौक असा विमानतळ रस्ता. १८७१ पासूनचे मध्यवर्ती कारागृह आणि १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटी यांमुळे इतिहासात पोहोचलेले येरवडे आज विमानतळाच्या दृष्टीने शहरातील सर्वांत सोयीच्या वस्त्यांपैकी एक आहे. अंतर अवघे चार-पाच किलोमीटर. तथापि शाळेला लागून घर असलेली मुलेच प्रार्थनेला उशिरा पोहोचतात, त्यातलाच हा प्रकार. कात्रज किंवा चिंचवडहून येणारा प्रवासी वाहतुकीचा धसका घेऊन तासभर आधीच निघतो. येरवड्यातील प्रवासी मात्र ‘दहा मिनिटांत पोचू’ म्हणत घरचा चहा संपवीत बसतो. नगर रस्त्यावरील संध्याकाळची कोंडी ही दहा मिनिटे सहज अर्ध्या तासावर नेते. येरवडा मेट्रो स्थानक २१ ऑगस्ट २०२४ पासून सुरू झाले असले, तरी ही मार्गिका रामवाडीपर्यंतच आहे. तेथून पुढे रिक्षा, बस किंवा टॅक्सी करावीच लागते.

लाउंजचा हिशेब येथून सुरू होतो. सायंकाळी सातच्या गोव्याच्या विमानाचे उदाहरण घेऊ. देशांतर्गत प्रवासासाठी चेक-इन काउंटर साधारणपणे सुटण्याच्या वेळेपूर्वी ६० मिनिटे बंद होतात, म्हणजे सहा वाजता सामान देण्याची मुदत संपते. प्रवाशांना विमानात सोडण्याचे काम बहुधा पाऊण तास आधी, सव्वासहाच्या सुमारास सुरू होते. बोर्डिंग गेट सुमारे २५ मिनिटे आधी, म्हणजे सहा पस्तीसला बंद होते. प्रवासी पाच वाजता येरवड्याहून निघाला, साडेपाचला विमानतळावर पोहोचला आणि प्रवेश, सामान व सुरक्षा तपासणी यांत अर्धा तास गेला, असे धरले तर सहा वाजतात. मग उरते पंधरा मिनिटे. लाउंजच्या दारात कार्ड तपासण्याची रांग असेल, तर त्यातली पाच-दहा तेथेच जातात. राहिलेल्या वेळात बशीत घेतलेली इडली उभ्याउभ्या संपवावी लागते. याउलट, लाउंजचा खऱ्या अर्थाने उपयोग व्हावा म्हणून चार वाजता घर सोडले, तर सव्वा तासाच्या उड्डाणासाठी तीन तास आधी निघणे आले. ज्याला संगणकावर काम करायचे आहे किंवा जो परस्पर कार्यालयातून येणार आहे, त्याला हा वेळ वाया गेला असे वाटणार नाही. केवळ ‘कार्डावर फुकट आहे’ म्हणून लवकर निघणाऱ्याने मात्र एकदा हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

प्रवेशद्वारावरील वेळ ‘डिजी यात्रा’ या चेहरा ओळखणाऱ्या सुविधेमुळे काहीसा वाचू शकतो. पुणे विमानतळावर ती २०२३ पासून उपलब्ध आहे. सुरक्षा तपासणीची रांग मात्र सर्वांना सारखीच, आणि देशांतर्गत प्रवासाचे बहुतेक लाउंज या तपासणीच्या पलीकडच्या भागात असतात. म्हणून लाउंजचा वेळ घरातून निघाल्यापासून मोजायचा नसतो. तपासणी संपल्यापासून विमानात बसण्याची हाक येईपर्यंतचा वेळ हाच खरा. तो पाऊण तासापेक्षा कमी असेल, तर गेटजवळच्या खुर्चीवर बसणे अधिक शहाणपणाचे. घरून डबा आणण्यासही आडकाठी नाही. पोळी-भाजी, बाकरवडी, लाडू हातातील सामानात नेता येतात. लोणच्याची बरणी मात्र तपासणीत अडण्याची शक्यता असते.

लाउंजमधील खरा धोका निराळाच आहे. तेथील दिवे मंद, खुर्च्या खोल आणि गेट नजरेआड असते. अनेक विमानतळांनी ध्वनिप्रदूषण टाळण्यासाठी उद्घोषणा कमी केल्या आहेत. लाउंजमध्ये प्रत्येक विमानाची सूचना ऐकू येईलच याची खात्री नसते आणि तेथील कर्मचारी प्रवाशाला उठवून पाठविण्यास बांधील नसतात. ऐन वेळी गेट बदलल्यास त्याची माहिती भिंतीवरील पडद्यावर किंवा मोबाइलवरील संदेशातून मिळते. गप्पांत किंवा डुलकीत असलेल्या माणसाला ती मिळत नाही. चेक-इन झालेला, सुरक्षा तपासणी पूर्ण केलेला, विमानापासून काही पावलांवर बसलेला प्रवासी विमान चुकवितो तो असा. गेट बंद झाल्यावर चूक कोणाची हा वाद निष्फळ असतो. लग्नाला, मुलाखतीला किंवा रुग्णालयातील नातेवाइकाकडे निघालेल्यांसाठी पुढचे विमान अनेकदा निरुपयोगी ठरते. मोबाइलवर बोर्डिंगच्या वेळेआधी दहा मिनिटांचा गजर लावणे हा साधा उपाय आहे. आश्चर्य म्हणजे पहाटेच्या विमानासाठी तीन-तीन गजर लावून उठणारी मंडळी लाउंजमध्ये एकही लावीत नाहीत.

आता कार्डांविषयी. लाउंजमधील अल्पोपाहार फुकट दिसला, तरी त्याचे पैसे कोणी तरी देतच असते. प्रवाशाच्या प्रत्येक भेटीमागे बँक किंवा कार्ड कंपनी लाउंजचालकाला ठरावीक रक्कम देते. प्रवाशाच्या खात्यातून पडताळणीपुरते दोन रुपये, काही कार्डांवर पंचवीस रुपये वळते होतात. स्वस्त विमानसेवांचे युग २००३ मध्ये एअर डेक्कनपासून सुरू झाले, तेव्हा विमानातील मोफत जेवण तिकिटातून गळाले. त्या प्रवाशांना लाउंज देणेही या कंपन्यांच्या गणितात बसत नव्हते. ही पोकळी पुढे बँकांनी कार्डांच्या जाहिरातीसाठी भरून काढली. परिणामी कार्डधारक वाढले, रांगा लांबल्या आणि बँकांचा खर्चही फुगला. २०२३-२४ पासून अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक रकमेची खरेदी केल्यासच प्रवेश, अशी अट घातली. काही कार्डांवर ही मर्यादा ३५ हजार, तर काहींवर एक लाख रुपये होती आणि ती वेळोवेळी बदललीही. देशांतर्गत लाउंजसेवेतील मोठी मध्यस्थ कंपनी असलेल्या ड्रीमफोक्सने सप्टेंबर २०२५ मध्ये ही सेवा थांबविली. त्यामुळे गेल्या वर्षी चाललेले कार्ड यंदा चालेलच असे गृहीत धरू नये. कुटुंबासह प्रवास असेल तर विशेष खबरदारी हवी. एका कार्डावर सहसा एकाच व्यक्तीला प्रवेश मिळतो. पत्नी, मुले आणि आई-वडील यांचे पैसे भरावे लागल्यास ती रक्कम बाहेरच्या उपाहारगृहाच्या बिलापेक्षा अधिक होऊ शकते. सासऱ्यांना दारात उभे करून जावई एकटा आत गेला, असा प्रसंग कोणावरही न येवो.

कार्ड चालेल की नाही हे पाहण्यासाठी बँकेचे अधिकृत संकेतस्थळ किंवा अ‍ॅप वापरावे. सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरू विमानतळावर लाउंज शोधणाऱ्या एका महिलेने अनोळखी दुव्यावरून बनावट अ‍ॅप मोबाइलवर घेतले आणि तिच्या क्रेडिट कार्डावरून ८७ हजारांहून अधिक रुपये गेले. त्या अ‍ॅपद्वारे भामट्यांनी मोबाइलवर येणारे कॉल व संदेश आपल्याकडे वळविल्याचे समोर आले. लाउंजच्या दारात कार्ड व बोर्डिंग पास दाखविणे पुरेसे असते, किंवा बँकेने स्वतः दिलेला क्यूआर कोड. स्क्रीन शेअर करण्यास किंवा चेहऱ्याचे छायाचित्र पाठविण्यास कोणी सांगितल्यास तेथेच थांबावे.

ज्यांच्याकडे असे कार्ड नाही, त्यांच्या सोयीचा विचार अलीकडे काही प्रमाणात होऊ लागला आहे. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. तेथे दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा मिळू लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईतही असा कॅफे सुरू झाला. लाउंजच्या रांगेमागे महागड्या चहाचाही मोठा वाटा होता, हे या कॅफेंना मिळालेल्या प्रतिसादावरून दिसते.

विमानास विलंब झाल्यास परिस्थिती बदलते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तासांहून अधिक लांबणार असेल, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशांना विमान कंपनीने खाद्यपदार्थ व पेये मोफत द्यावयाची असतात. पुण्याहून सुटणारी बहुतेक देशांतर्गत उड्डाणे याच गटात मोडतात. सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, असा पर्याय प्रवाशाला द्यावा लागतो. यासाठी लाउंजचे कार्ड लागत नाही. गेटवरील कर्मचाऱ्याकडे स्पष्ट मागणी करावी लागते. बरेच प्रवासी अशा वेळी स्वतःच्या खर्चाने खातात आणि हक्क तसाच पडून राहतो. लाउंजमध्ये मात्र मुक्कामाची मर्यादा सहसा दोन-तीन तासांची असल्याने विलंब वाढल्यास पुन्हा बाहेर येण्याची वेळ येते.

विलंबाचा संदेश घरातून निघण्यापूर्वीच आला, तर येरवड्यातील प्रवाशाला त्याच्या पत्त्याचा खरा फायदा मिळतो. घरच्या खुर्चीइतका चांगला लाउंज कोणत्याही टर्मिनलमध्ये नाही. मात्र संदेशात सुटण्याची नवी वेळ दिली असली, तरी चेक-इनची वेळही पुढे गेली आहे का, हे विमान कंपनीकडून स्वतंत्रपणे विचारून घ्यावे लागते. लांबलेले विमान लवकर उपलब्ध झाल्यास वेळ पुन्हा अलीकडे आणली जाऊ शकते. त्यामुळे अनेक कंपन्या प्रवाशांना मूळ वेळेप्रमाणेच विमानतळावर हजर राहण्यास सांगतात.