गुरुशिष्यांच्या संशोधनाचे दाते

रासबिहारी घोष हे नाव मराठी माणसाला स्मरते ते बहुधा सुरतेच्या काँग्रेसमुळे. १९०७ च्या डिसेंबरात त्या मंडपात घोषबाबूंच्या अध्यक्षपदावरून वादळ उठले, लोकमान्य टिळक हरकत घेण्यासाठी व्यासपीठावर गेले, जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि नियोजित अध्यक्षांचे भाषण तसेच राहिले. महाराष्ट्राने त्यांना नेमस्तांचे पुढारी म्हणून ओळखले आणि तेथेच सोडून दिले. परंतु त्यानंतर सहाच वर्षांनी, १९१३ साली, कलकत्त्याच्या या वकिलाने आपल्या कमाईतील दहा लाख रुपये कलकत्ता विद्यापीठाच्या स्वाधीन केले. या पैशातून उपयोजित गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि वनस्पतिशास्त्र या विषयांची चार अध्यासने निर्माण व्हावयाची होती. आणि त्यांच्या जोडीला आठ शिष्यवृत्त्या ठेवावयाच्या होत्या, त्या अध्यापकांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या पदवीधर विद्यार्थ्यांसाठी. गुरूचे वेतन आणि शिष्याचा चरितार्थ या दोहोंची तरतूद एकाच दानात केलेली होती. दानशूर पुरुष त्या काळी थोडे नव्हते. पण विद्यार्थ्याच्या खानावळीच्या बिलापर्यंत ज्याची नजर पोचली असा दाता विरळाच.

या तरतुदीचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेली होती. त्यांचे काम परीक्षा घेण्याचे आणि पदव्या देण्याचे. शिकविणे हे महाविद्यालयांचे काम, आणि नवे ज्ञान शोधणे हे कोणाचेच नव्हे. विद्यापीठाला देणग्या मिळत, त्या बक्षिसांसाठी आणि पदकांसाठी. त्यांतील एक मोठी देणगी मुंबईहून आलेली होती, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. प्रेमचंद रायचंद हा मूळचा सुरतेचा, मुंबईच्या कापूसबाजारातला बडा व्यापारी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा मिळालेल्या अफाट संपत्तीतून त्याने राजाबाई टॉवरसाठी पैसा दिला आणि १८६६ साली कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले. युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील सट्टा बुडाला आणि त्याबरोबर प्रेमचंदांचे वैभवही ओसरले. विद्यापीठाला दिलेला पैसा मात्र टिकला. त्यातून दिली जाणारी शिष्यवृत्ती हा बंगालमधील बुद्धिमत्तेचा सर्वोच्च मान समजला जाई. परंतु प्रारंभी तीही एक कठीण परीक्षाच होती. तिच्यासाठी विद्यार्थी ग्रंथ पाठ करीत. नवा प्रयोग करण्याचे त्यांना कारण नव्हते.

परीक्षेच्या या चाकोरीबाहेर पहिले पाऊल टाकले ते डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी. हे व्यवसायाने वैद्य. विलायती वैद्यक शिकून पुढे होमिओपॅथीचा जाहीर स्वीकार केल्यामुळे व्यवसायबंधूंच्या रोषास पात्र झालेले. भारतीयांनी विज्ञानाचे नुसते अध्ययन न करता त्यात भर घालावी, या ध्यासाने त्यांनी १८६९ पासून लेखणी झिजविली, वर्गणी जमविली आणि १८७६ साली बहुबाजारात ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था उभी केली. फादर लाफाँ या जेझुइट अध्यापकाचे त्यांना मनापासून साहाय्य मिळाले. विजयनगरम्‌च्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा झाली, उपकरणे आली, व्याख्याने सुरू झाली. मिळाला नाही तो फक्त पगारी अध्यापकांसाठी पैसा. भिंत दिसते, उपकरण दिसते, त्यांवर दात्याचे नाव कोरता येते. माणसाच्या वेतनावर ते कोरता येत नाही. पूर्ण वेळ संशोधन करणारा एकही अध्यापक नेमता आला नाही हे शल्य उराशी घेऊनच १९०४ साली डॉ. सरकार निवर्तले. त्यांची संस्था तीस वर्षे जणू वाट पाहत राहिली.

त्याच काळात प्रेसिडेन्सी कॉलेजात दुसरी एक परंपरा मूळ धरीत होती. प्रफुल्लचंद्र राय १८८९ साली तेथे अडीचशे रुपये वेतनावर रुजू झाले. प्रथम ते एकटेच काम करीत. पुढे सरकारने संशोधनासाठी काही शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि त्यांच्या प्रयोगशाळेत तरुण मुले राहू लागली. या मुलांकडून काम करवून घेऊन आपल्या नावावर छापणारे ते गुरू नव्हते. १९१२ साली लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात अमोनियम नायट्राइटच्या बाष्पाच्या घनतेवर एक निबंध प्रसिद्ध झाला. हा पदार्थ तापविला की विघटन पावतो, त्याची वाफ मोजता येणार नाही, असा समज होता. ती मोजून दाखविली गेली. निबंधावर तीन नावे आहेत : राय, नीलरतन धर आणि तिनकौडी दे. यांपैकी धर तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते आणि एम. एस्सी.ची परीक्षाही अद्याप उतरले नव्हते. सर विल्यम रॅम्झे यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने या कामाची वाखाणणी केली. भारतीय विज्ञानात गुरुशिष्यांच्या सहकार्याचा प्रारंभ शोधू जाता दृष्टी येथेच स्थिरावते.

या सर्व धाग्यांची वीण एकत्र घालणारा पुरुष म्हणजे सर आशुतोष मुकर्जी. हायकोर्टाचे न्यायाधीश, गणिती आणि १९०६ पासून आठ वर्षे विद्यापीठाचे कुलगुरू. विद्यापीठाने स्वतः शिकवावे आणि स्वतः संशोधन करावे, ही त्यांची जिद्द. सरकारकडून पुरेसे साहाय्य मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंकडे मोर्चा वळविला. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ साली पैसा आणि स्थावर मिळून सुमारे पंधरा लाखांची मालमत्ता विद्यापीठाला दिली. आपले बालीगंजचे राहते घरही त्यांनी त्यात घातले. पाठोपाठ घोष आले. २७ मार्च १९१४ रोजी सायन्स कॉलेजची कोनशिला बसली, आणि त्याच वर्षी पालित वारले. घोषांचे मन एका दानाने भरले नाही. १९१९ साली त्यांनी उपयोजित विज्ञानासाठी आणखी अकरा लाखांहून अधिक रक्कम दिली.

या दानांना अटी होत्या. अध्यापक भारतीयच असला पाहिजे, ही त्यांतली मुख्य. आज ती अट संकुचित वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या काळात वरिष्ठ शिक्षणसेवा बव्हंशी युरोपियनांसाठी राखून ठेवलेली होती, आणि जगदीशचंद्र बसूंसारख्याला गोऱ्या अध्यापकाच्या वेतनाच्या दोनतृतीयांश वेतन देऊ केल्यामुळे तीन वर्षे पगारच न स्वीकारता शिकवावे लागले होते, त्या काळात एखादे द्वार केवळ आपल्यांसाठी उघडावे असे दात्याला वाटले तर नवल नाही. दुसरी एक अट, परदेशी शिक्षणाची, मात्र अडचणीची ठरली. पदार्थविज्ञानाच्या पालित अध्यासनासाठी आशुतोषांच्या डोळ्यांसमोर होते चंद्रशेखर व्यंकट रामन. हे अर्थखात्यातले अधिकारी १९०७ साली कलकत्त्यास आले, ट्रामगाडीतून जाता-येता बहुबाजारातली पाटी त्यांच्या दृष्टीस पडली आणि सरकारांच्या त्या ओस पडलेल्या प्रयोगशाळेला माणूस मिळाला. दिवसा हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोग असे त्यांनी दहा वर्षे काढले. या प्रयोगांत त्यांचा जोडीदार होता आशुतोष दे, तेथला साहाय्यक. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या गृहस्थाच्या नावे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कामकाजात निबंध छापला गेला. शिकण्यासाठी परदेशी जाण्याचे रामन यांनी साफ नाकारले. आशुतोषांनी ती अट बाजूस सारली आणि १९१७ साली अकराशे रुपयांची नोकरी सोडून रामन सहाशे रुपयांवर अध्यापक झाले.

यानंतर असोसिएशनची प्रयोगशाळा आणि विद्यापीठाचे अध्यासन यांची सांगड बसली. एकीकडे उपकरणे होती, दुसरीकडे वेतन आणि शिष्यवृत्त्या. डॉ. सरकारांना जे साधले नव्हते ते आता साधले. मद्रासकडून तरुण येऊ लागले. त्यांत कृष्णन होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्या नव्या किरणांचा शोध लागला त्याची वार्ता देणाऱ्या निबंधावर रामन आणि कृष्णन अशी दोन नावे आहेत. पारितोषिक पुढे एकालाच मिळाले, ही गोष्ट वेगळी.

पैशाची उणीव मात्र संपली नव्हती. सायन्स कॉलेजात १९१६ पासून शिकविणाऱ्या तरुणांत मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोघे होते. जो विषय शिकवावयाचा तो आधी स्वतःच शिकावयाचा, अशी त्यांची स्थिती. प्रकाशाच्या दाबाविषयीचा एक महत्त्वाचा निबंध साहांनी अमेरिकेतील खगोलविज्ञानाच्या एका विख्यात नियतकालिकाकडे पाठविला. उत्तर आले की, छपाईच्या खर्चाचा भार लेखकाने उचलल्यास निबंध छापता येईल. खर्चाचा आकडा तीन अंकी डॉलरांत होता. एवढी रक्कम साहांपाशी कोठून असणार? निबंध कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञानविभागाच्या नियतकालिकात छापला गेला, आणि ते बाहेरच्या जगात फारसे कोणी वाचीत नव्हते. एका भारतीय संशोधकाच्या अग्रमानाचा प्रश्न छपाईच्या बिलापाशी अडला. पुढे १९१९ साली त्याच साहांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. आता ती घोकंपट्टीच्या परीक्षेवर नव्हे, स्वतंत्र प्रबंधावर दिली जात होती. त्या आणि दुसऱ्या एका शिष्यवृत्तीच्या बळावर ते लंडनला फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावणारे त्यांचे समीकरण जगापुढे आले त्यात मुंबईच्या कापसाचा वाटा होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या साऱ्या दानांत एक पोकळी होती, तीही नमूद केली पाहिजे. पैसा होता तो पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी. पदवीपूर्व वर्गातल्या मुलाने गुरूच्या प्रयोगशाळेत हात घालावा आणि त्याचा खर्च संस्थेने सोसावा, ही कल्पना दात्यांना सुचली नाही, विद्यापीठालाही नाही. तो मार्ग देशात फार उशिरा खुला झाला. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ साली निघाली, आणि २०२२ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली.

प्रफुल्लचंद्रांनी १९१६ साली प्रेसिडेन्सी सोडून सायन्स कॉलेजात रसायनाचे पालित अध्यासन स्वीकारले आणि त्याच इमारतीतील एका खोलीत बिऱ्हाड केले. १९२१ साली त्यांना साठ वर्षे पुरी झाली. त्या दिवसापासूनचा आपला सगळा पगार त्यांनी आधीच विद्यापीठाला देऊन टाकला, तो रसायनविभागासाठी आणि दोन संशोधन शिष्यवृत्त्यांसाठी. त्यानंतर पंधरा वर्षे, १९३६ पर्यंत, हा ब्रह्मचारी अध्यापक तेथेच राहून शिकवीत होता. पालितांचे दान अध्यापकाच्या हाती जाऊन पुन्हा विद्यार्थ्याकडे वळले.

आणि नेमक्या याच वेळी विद्यापीठ कर्जात बुडाले होते. १९२२ साली बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण त्यांबरोबर विद्यापीठाच्या कारभारावर हात ठेवणाऱ्या अटी होत्या. पगार थकलेले, अध्यापक चिंतेत. तरीही डिसेंबरच्या सिनेट सभेत आशुतोषांनी ते दान या अटींवर स्वीकारण्यास विरोध केला. प्रसंगी दारोदार भीक मागू, परंतु स्वातंत्र्य गहाण टाकणार नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. पालितांची अट मानणारा माणूस सरकारची अट का नाकारतो, असा आक्षेप घेणे सोपे आहे. भेद असा की, अध्यापक कोण असावा एवढेच पालितांनी ठरविले होते. त्याने काय शोधावे हे त्याच्यावर सोपविले होते.

घोषांच्या चार अध्यासनांपैकी वनस्पतिशास्त्राचे अध्यासन एका मराठी माणसाकडे गेले. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत असता सह्याद्रीतील नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश त्यांनी शोधला होता. नेमणूक झाल्यावर ते जर्मनीस गेले, महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून तेथेच अडकून पडले. बर्लिनची डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९४६ पर्यंत कलकत्त्यास राहिले. त्याच वर्षी पुण्यात ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था निघाली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. नाव सरळ बहुबाजारातून आणलेले होते. मराठीत तिला ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ म्हणू लागले. १९६० साली आघारकर वारले. संस्थेच्या संशोधनशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९९२ मध्ये.