विक्रांत आणि गोमंतकाचे आकाश

गिरणेच्या खोऱ्यातील देवळ्यासारख्या गावी जो वाढला, त्याच्या इतिहासकल्पनेत समुद्राला फारसे स्थान नसते. एका अंगास साल्हेर-मुल्हेर, दुसऱ्या अंगास चांदवड आणि धोडप अशा दुर्गांच्या छायेत ज्यांच्या पिढ्या नांदल्या, त्यांना पराक्रम म्हटला की तट, बुरूज आणि सुरुंगच आठवावेत, आणि आरमार ही कोकणपट्टीची बाब वाटावी, हे स्वाभाविकच आहे. तथापि या गडांच्या सान्निध्याने एक जाण आमच्या अंगी मुरलेली आहे. ज्या गडावरून वर्षानुवर्षे एकही तोफ डागली गेली नाही, तो गडही मुलूख राखीतच असतो. कारण त्याच्या वचकानेच शत्रूला आपली वाट बदलावी लागते. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोमंतकासमोरच्या समुद्रात पहारा देणाऱ्या ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेच्या कामगिरीकडे मी याच जाणिवेने पाहतो, आणि तिच्या नावापुढे लष्करी इतिहासात प्रत्यक्ष लढाईत भाग न घेतल्याची जी एक ओळ आढळते, ती मला फार अपुरी वाटते.

पोर्तुगिजांशी मराठ्यांनी ज्या मोहिमा केल्या, त्यांत किनाऱ्यावरील ठाण्याचा निकाल पुष्कळदा समुद्रावरच लागत असे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली ती जमिनीवरील मोर्चे आणि सुरुंग यांच्या बळावर, हे खरे; परंतु मानाजी आंग्रे यांच्या गलबतांचा हातभार त्या मोहिमेस नसता, तर वेढ्याचे स्वरूप निराळेच झाले असते. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी कारवारसमोरील अंजदीव बेटावर तटबंदी करण्याचा मनसुबा केला, तेव्हा पोर्तुगिजांनी घाईने पुढे होऊन स्वतःच तेथे किल्ला उभारला. याच अंजदीवावरून १९६१ च्या नोव्हेंबरात ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला, पुढे एक मच्छीमार प्राणास मुकला, आणि गोव्याचा प्रश्न वाटाघाटींच्या कक्षेबाहेर गेला.

मात्र तीन शतकांत एक मोठा पालट झाला होता. समुद्राची नाकेबंदी केवळ पाण्यावर करून भागेना. पाण्यावरचे आकाशही रोखणे प्राप्त झाले. पोर्तुगाल हे क्षुद्र राष्ट्र असले तरी १९४९ पासून ‘नाटो’ या लष्करी संघटनेचे सभासद होते, ब्रिटनशी असलेल्या पुरातन तहांचा हवाला देऊन तेथील पंतप्रधान सालाझार मदतीची याचना करीत होते, आणि गोव्यात जेट लढाऊ विमाने आणली असावीत असा संशय दिल्लीत बळावला होता. भारतीय सैन्याने गोव्यात पाऊल टाकताच बाहेरची एखादी सत्ता हस्तक्षेप करील, आणि तो हस्तक्षेप समुद्रमार्गे किंवा समुद्रावरील आकाशातून होईल, ही शक्यता कोणाही जबाबदार सेनाधिकाऱ्यास दृष्टिआड करता येण्यासारखी नव्हती.

आता नकाशा पाहावा. पुणे आणि बेळगावजवळील सांबरा येथील विमानतळांवरून हवाई दलाची विमाने गोव्यावर सहज पोहोचत होती. म्हणजे पूर्वेकडून, जमिनीच्या बाजूने, आकाशाचा बंदोबस्त पुरेसा होता. पश्चिमेस मात्र अरबी समुद्राचा अथांग विस्तार, आणि त्यावर विमान उतरेल अशी हातभरही भूमी नाही. किनाऱ्यावरून उडालेल्या विमानाने दूर समुद्रावर जाऊन घिरट्या घालावयाच्या, तर त्याचे निम्मे इंधन जाण्यायेण्यातच खर्ची पडावे. ही उणीव भरून काढण्यास तरता विमानतळ हाच एक उपाय होता, आणि दैवयोग असा की तो अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी मुंबईस येऊन पोहोचला होता. महायुद्धाच्या काळात ‘हर्क्युलिस’ या नावाने ब्रिटनमध्ये बांधावयास घेतलेली आणि युद्धसमाप्तीनंतर अपुरीच पडून राहिलेली ही नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. बेलफास्ट येथे ती पूर्ण झाली. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ‘विक्रांत’ या नावाने ती नौदलात दाखल झाली, आणि ३ नोव्हेंबरला मुंबई बंदरात पंडित नेहरूंनी तिचे स्वागत केले. सुमारे ७०० फूट लांबीच्या या नौकेचे पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू हे होते. वाफेच्या दाबाने विमान क्षणार्धात पुढे फेकणारी यंत्रणा तिच्यावर होती. चार तोफांनी सज्ज अशी ‘सी हॉक’ जातीची जेट विमाने आणि पाणबुड्यांचा माग काढणारी फ्रेंच बनावटीची ‘अलिझे’ विमाने तिच्या पोटात होती.

‘राजपूत’ आणि ‘किरपाण’ या लढाऊ नौकांना सोबतीस घेऊन ‘विक्रांत’ गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात फिरत राहिली. समग्र आरमाराचे अधिपत्य रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण या मराठी अधिकाऱ्याकडे होते, आणि पुढच्याच वर्षी ते नौदलाचे सर्वोच्च अधिकारी झाले, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी स्मरणात राहावयास हवी होती तितकी राहिली नाही. किनाऱ्यालगतचे काम इतर नौकांकडे होते. १८ डिसेंबरला ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ यांच्या आधाराने नौसैनिक अंजदीवावर उतरले. त्या झुंजीत सात जण कामी आले. त्याच दिवशी ‘बेटवा’ आणि ‘बियास’ यांनी ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला गाठले, आणि ती पुरती जायबंदी होऊन किनाऱ्यावर रुतली. या दोन नौकांचे खलाशी एकाच दिशेला तोफा रोखून लढू शकले, पाठीमागच्या आकाशाची विवंचना त्यांना करावी लागली नाही. ‘विक्रांत’च्या कार्याचे मोल माझ्या मते येथे आहे.

अर्थात ‘विक्रांत’ने धरलेल्या या छत्राचेही दोष सांगितलेच पाहिजेत. गोव्यात पोर्तुगिजांचे एकही लढाऊ विमान नव्हते, हे मागाहून उघड झाले. हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी गोव्यातील दाभोळी विमानतळाची धावपट्टी उखडल्यानंतरही तेथे अडकलेली दोन मोठी प्रवासी विमाने अंधारात, उरलेल्या तोकड्या पट्टीवरून उडून कराचीस निसटली, आणि आपल्या पहाऱ्याला ती अडविता आली नाहीत. सुरक्षा समितीत पाश्चात्त्य राष्ट्रांनी आणलेला युद्धबंदीचा ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने पडला. तेव्हा परकी हस्तक्षेप टळण्याचे श्रेय एकट्या नौकेस देता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. ब्रिटननेही लिस्बनच्या विनवणीकडे कानाडोळा केला. पण १७ डिसेंबरच्या रात्री यांपैकी काहीच निश्चित नव्हते, आणि सेनापतीला आपली तजवीज त्या रात्रीच्या माहितीवरच करावी लागते.

१९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली आणि साडेचार शतकांचा अंमल संपला. ‘विक्रांत’ने गोव्यावर एकही गोळा टाकला नव्हता. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत अडकून पडली, आणि शत्रूवर तुटून पडण्याचा योग तिला दहा वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ रोजी आला. बंगालच्या उपसागरातून उडालेल्या तिच्या सी हॉक विमानांनी त्या दिवशी कॉक्स बाजारवर हल्ला केला आणि पाठोपाठ चितगाव बंदराकडे मोहरा वळविला.