आततायी कोण?



उतावळ्या, अविचारी माणसाला आपण मराठीत 'आततायी' म्हणतो. संस्कृतात ह्या शब्दाचा मूळ अर्थ निराळा आहे. धनुष्य ताणून अंगावर चालून येणारा, तो आततायी. घराला आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन, भूमी किंवा स्त्री यांचे हरण करणारा, असे त्याचे सहा प्रकार धर्मशास्त्रकारांनी सांगितले. असा मनुष्य चालून आला असता त्याला मारणाऱ्यास दोष लागत नाही, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. मूळ अर्थाने आततायी असतो तो हल्ला करणारा. मराठीतल्या अर्थाने आततायी ठरतो तो विचार न करता घाव घालणारा. घरधनी दारातल्या अनोळखी माणसावर शस्त्र चालवतो, तेव्हा ह्या दोहोंपैकी आततायी कोण, हेच न्यायाला ठरवावे लागते.

हा प्रश्न फार जुना आहे. यहुद्यांच्या निर्गम ग्रंथात असा नियम आहे, की घर फोडताना सापडलेला चोर मारला गेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष येत नाही. परंतु सूर्य उगवला असेल, तर येतो. इसवी सनापूर्वी 450च्या सुमारास रोमन लोकांनी बारा फलकांवर आपले कायदे कोरले. त्यांतही रात्रीच्या चोराला मारण्याची मुभा होती. दिवसाच्या चोराला मात्र, तो शस्त्राने प्रतिकार करील तरच, आणि तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोठ्याने हाक घालून, मग मारावे असा दंडक होता. रात्र आणि दिवस हा भेद का केला? रात्री आलेल्याचा हेतू कळत नाही आणि मदतीला कोणी नसते. दिवसा चेहरा दिसतो, हाकेला लोक धावतात. म्हणजे मुभा होती ती घराच्या मालकीमुळे नव्हे, तर दुसरा उपाय उरत नाही म्हणून.

इंग्लंडात 1604 साली सेमेन खटल्याचा निकाल लागला. प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला आहे, हे तत्त्व सर एडवर्ड कोक यांनी त्या खटल्याच्या वृत्तान्तात नोंदवले. पण त्याच निकालाने असेही सांगितले, की राजाच्या कामासाठी आलेला अधिकारी, आपण कोण व कशासाठी आलो हे सांगून, प्रसंगी दार फोडूनही आत येऊ शकतो. किल्ल्यालाही मर्यादा होती. हे तत्त्व इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत गेले, आणि तेथे पुढे घरोघरी बंदूक आली.

17 ऑक्टोबर 1992 रोजी रात्री लुइझियाना राज्यातील बॅटन रूज या शहरात जे घडले, ते ह्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जपानहून शिकण्यासाठी आलेला सोळा वर्षांचा एक विद्यार्थी, ज्या कुटुंबात राहत होता तेथल्या मुलाबरोबर, सोंगे घेऊन जमण्याच्या एका मेजवानीस निघाला होता. दोघे चुकून त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्याच घरी गेले. त्यांनी घंटा वाजवली. घरातली बाई दार उघडून पाहते तो अनोळखी माणसे. ती घाबरली, तिने दार लावून घेतले आणि नवऱ्याला बंदूक आणण्यास सांगितले. मुले परत फिरली होती. एवढ्यात घरधनी पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि जागच्या जागी थांबण्यास त्याने इंग्रजीत बजावले. आपण मेजवानीला आलो आहोत, असे सांगत तो मुलगा पुढे आला. एक गोळी सुटली आणि मुलगा गेला. त्याच्या हातात होता तो कॅमेरा.

1993च्या मे महिन्यात ज्यूरीने घरधन्याला निर्दोष ठरवले. 1994 साली मात्र दिवाणी न्यायालयाने त्याला जबाबदार धरून मुलाच्या आईवडिलांना साडेसहा लाख डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली. शिक्षा देण्यासाठी अपराध वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईसाठी पुराव्याचे पारडे एका बाजूस झुकले तरी पुरते. म्हणून एकाच गोळीचे दोन निकाल लागले. भीती खरी होती यात शंका नाही. पण दार बंद होते, मुले माघारी वळली होती, पोलिसांना बोलावता येत होते. दुसरा उपाय शिल्लक होता.

आपल्याकडे मेकॉले यांच्या आयोगाने 1837 साली दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा इथल्या प्रजेने दरोडेखोरांचा धैर्याने प्रतिकार करावा, म्हणून हा हक्क मुद्दाम उदार ठेवला. 1860च्या संहितेत तो आला, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो 34 ते 44 ह्या कलमांत कायम आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीत प्रतिकार करताना प्रसंगी प्राणही घेता येतो. निर्गम ग्रंथातला सूर्य असा आजच्या कायद्यातही उगवतो! पण त्यालाही कुंपण आहे. सरकारी मदत घेण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. संकटात सापडलेल्याचा घाव सोन्याच्या तराजूत तोलू नये, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे. तथापि संकट हे मनात नव्हे, समोर असावे लागते. निदान समंजस माणसाला तसे वाटावे असे कारण तरी असावे लागते.

त्या मुलाच्या आईवडिलांनी अमेरिकेतील घराघरांतून बंदुका हटाव्यात म्हणून जपानात सतरा लाखांच्या आसपास सह्या गोळा केल्या आणि 1993च्या नोव्हेंबरात ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. मुलाच्या नावाने त्यांनी एक निधीही उभारला. तो अमेरिकन विद्यार्थ्यांना जपानात आणण्यासाठी आहे. ज्या देशात आपल्या मुलासाठी दार मिटले, त्या देशातल्या मुलांसाठी त्यांनी आपले दार उघडले. कायदा घरधन्याला दार लावून घेण्याचा हक्क देतो, आणि तो द्यायलाच हवा. परंतु दाराबाहेर कोण उभा आहे, हे पाहण्याचे कर्तव्य त्या हक्काबरोबरच येते.