ऑयस्टर कार्ड

ऑयस्टर कार्ड हे ग्रेटर लंडनमधील सार्वजनिक वाहतुकीसाठी वापरले जाणारे, आगाऊ पैसे भरून चालणारे स्पर्शविरहित स्मार्ट कार्ड आहे. ते ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या संस्थेतर्फे दिले जाते. लंडन अंडरग्राउंड ही भुयारी रेल्वे, शहर बस, ट्राम, डॉकलँड्स लाइट रेल्वे, लंडन ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइनचा बहुतांश भाग आणि लंडनमधील बहुसंख्य उपनगरी रेल्वेगाड्यांत ते चालते. २०१४ पासून याच सेवांसाठी बँकेचे स्पर्शविरहित कार्डही थेट वापरता येते. त्यामुळे स्थानिक रहिवासी आणि पाहुणे या दोघांपुढेही कोणते कार्ड निवडावे, हा प्रश्न असतो.

इतिहास

कागदी तिकिटांऐवजी स्मार्ट कार्ड आणण्यासाठी १९९८ मध्ये ट्रान्सिस या कंपनीसमूहाशी करार करण्यात आला. सर्वसामान्य प्रवाशांना हे कार्ड २००३ च्या मध्यास मिळू लागले. सुरुवातीला त्यावर केवळ मुदतीचे पास ठेवता येत. शिल्लक रकमेतून प्रत्येक प्रवासाचे भाडे वळते करण्याची सोय २००४ मध्ये, तर दिवसभराच्या भाड्यावरील कमाल मर्यादा २००५ मध्ये आली. 'ऑयस्टर' म्हणजे कालव. कठीण शिंपल्यात सुरक्षित राहणारा मोती आणि थेम्स नदीच्या मुखाशी असलेली कालवांची जुनी परंपरा, या दोन्ही गोष्टी नावामागे आहेत.

लंडनच्या बसमध्ये बँकेची स्पर्शविरहित कार्डे डिसेंबर २०१२ मध्ये आणि भुयारी रेल्वेत सप्टेंबर २०१४ मध्ये स्वीकारली जाऊ लागली. ६ जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख भाडे घेणे बंद झाले. तेव्हापासून बसप्रवासासाठी कार्ड, पास किंवा अन्य वैध तिकीट जवळ असणे आवश्यक झाले.

कार्यपद्धती

शहराची आणि लगतच्या भागांची विभागणी १ ते ९ अशा परिमंडळांत केलेली आहे. रेल्वेचे भाडे ओलांडलेली परिमंडळे आणि गर्दीची वेळ यांवर ठरते. म्हणून रेल्वेप्रवासात सुरुवातीला आणि शेवटी असे दोनदा कार्ड वाचकयंत्राला टेकवावे लागते. बाहेर पडताना कार्ड टेकवायचे राहिले, तर प्रवास अपूर्ण मानून कमाल भाडे आकारले जाते. बसचे भाडे अंतरानुसार बदलत नसल्याने तेथे केवळ चढताना कार्ड टेकवतात. काही स्थानकांवरील गुलाबी वाचकयंत्रे प्रवासी मध्य लंडन टाळून गेल्याची नोंद घेतात. ती न वापरल्यास अधिक भाडे लागू शकते.

ऑयस्टर कार्डाची शिल्लक कार्डातच नोंदलेली असते आणि वाचकयंत्र त्यातून भाडे वजा करते. ही शिल्लक जास्तीत जास्त ९० पौंड असू शकते. बँकेच्या कार्डावर मात्र असे काही लिहिले जात नाही. दिवसभरातील नोंदी मध्यवर्ती यंत्रणेत एकत्र करून एकूण भाडे बँकेकडून वसूल केले जाते.

कमाल मर्यादा

दोन्ही प्रकारच्या कार्डांवर दैनिक कमाल मर्यादा लागू असते. ती गाठल्यावर त्या दिवशीच्या पुढील प्रवासांचे पैसे आकारले जात नाहीत. भाड्याचा दिवस पहाटे ४:३० वाजता सुरू होतो. सोमवार ते रविवार अशी साप्ताहिक मर्यादा आधी केवळ बँकेच्या कार्डांना होती. सप्टेंबर २०२१ पासून ती प्रौढ भाड्याच्या ऑयस्टर कार्डांनाही लागू झाली. आठवडा सोमवारीच सुरू होत असल्याने गुरुवारी पोहोचून पुढील बुधवारी परतणाऱ्या प्रवाशाचा मुक्काम दोन आठवड्यांत विभागला जातो. अशा वेळी कोणत्याही दिवसापासून सुरू होणारा सात दिवसांचा पास स्वस्त पडू शकतो.

मर्यादेचा लाभ मिळण्यासाठी सर्व प्रवासांत एकच माध्यम वापरावे लागते. प्लॅस्टिकचे कार्ड आणि तेच कार्ड जोडलेला मोबाइल यांची नोंद दोन स्वतंत्र माध्यमे म्हणून होते. तसेच एका वेळी एका कार्डावर एकाच व्यक्तीला प्रवास करता येतो. त्यामुळे चार जणांच्या कुटुंबात भाडे देणाऱ्या प्रत्येकाला वेगळे कार्ड लागते.

कार्डाची निवड

प्रौढ भाड्याने प्रवास करणाऱ्यांसाठी ऑयस्टर आणि बँकेच्या कार्डाचे भाडे सामान्यतः सारखेच असते. फरक पुढील बाबींत पडतो.

• प्रारंभिक खर्च : नवे ऑयस्टर कार्ड घेताना शिलकीव्यतिरिक्त शुल्क भरावे लागते. बँकेच्या कार्डाला असे शुल्क नाही.
• सवलती : रेल्वेची सवलतपत्रे ऑयस्टर कार्डाशी जोडता येतात, बँकेच्या कार्डाशी नाही. ११ ते १५ वर्षे वयाच्या पाहुण्या मुलांसाठी अल्पकालीन सवलत स्थानकावरील कर्मचाऱ्यांकडून ऑयस्टर कार्डावर नोंदवून घेता येते. हीच मुले पालकांचे दुसरे बँक कार्ड वापरल्यास प्रौढ भाडे पडते.
• व्याप्ती : एलिझाबेथ लाइनवर वेस्ट ड्रेटनच्या पश्चिमेस रेडिंगपर्यंत, तसेच ल्यूटन विमानतळाच्या रेल्वेस्थानकावर बँकेचे कार्ड चालते, ऑयस्टर चालत नाही. गॅटविक विमानतळासाठी दोन्ही चालतात.
• परकीय चलन : परदेशी बँकेचे कार्ड वापरल्यास ती बँक चलनबदलाचे शुल्क लावू शकते. पौंडात रक्कम भरलेले आगाऊ भरणा कार्ड स्पर्शविरहित असल्यास हे शुल्क टळू शकते.
• कार्ड हरवणे : नोंदणी केलेल्या ऑयस्टर कार्डाची शिल्लक नव्या कार्डावर घेता येते आणि नुकसान शिलकीपुरते राहते. बँकेचे कार्ड हरवल्यास ते तत्काळ बंद करावे लागते.

भारतीय प्रवाशांसाठी एक बाब महत्त्वाची ठरते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत एटीएम व दुकानांतील वापरासाठी सुरू असते. परदेशातील आणि स्पर्शविरहित व्यवहार कार्डधारकाने स्वतः सुरू करावे लागतात. हे निघण्यापूर्वी न केल्यास लंडनच्या फाटकावर कार्ड नाकारले जाऊ शकते. व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्सप्रेस या जाळ्यांची कार्डे तेथे स्वीकारली जातात.

सुरक्षितता आणि गोपनीयता

सुरुवातीच्या कार्डांत मायफेअर क्लासिक ही चिप होती. २००८ मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्या सांकेतीकरणातील दोष दाखवून दिले. चिप बनवणाऱ्या एनएक्सपी कंपनीने संशोधनाचे प्रकाशन रोखण्याचा प्रयत्न केला, परंतु डच न्यायालयाने तो मान्य केला नाही. त्यानंतर नव्या कार्डांत अधिक सुरक्षित मायफेअर डेसफायर चिप वापरली जाऊ लागली.

प्रत्येक वेळी कार्ड टेकवल्याने प्रवासाची वेळ आणि ठिकाण नोंदले जात असल्याने गोपनीयतेचा प्रश्नही चर्चेत राहिला. नोंदणी न केलेले आणि रोखीने भरलेले ऑयस्टर कार्ड व्यक्तीच्या नावाशी जोडलेले नसते. बँक खाते नसलेल्यांनाही ते वापरता येते. मात्र असे कार्ड हरवल्यास त्यातील शिल्लक परत मिळवणे कठीण असते.

भारतातील व्यवस्थेशी तुलना

भारतात ४ मार्च २०१९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्डाची रचना वेगळी आहे. ऑयस्टर एका शहरापुरते आहे, तर हे कार्ड अनेक शहरांतील मेट्रो व बससेवांत एकाच मानकावर चालावे, असा उद्देश आहे. त्यात भाड्याची रक्कम मात्र ऑयस्टरप्रमाणेच चिपमध्ये साठवलेली असते.